संगणकात उतरलेले टंकयंत्र

संगणकाच्या पडद्यावर टंकयंत्राचा भास निर्माण करणारी साधने हल्ली पुष्कळ निघाली आहेत. अमेरिकेतील विख्यात नट आणि जुन्या टंकयंत्रांचे संग्राहक टॉम हँक्स यांनी 2014 साली आयपॅडसाठी काढलेल्या ‘हँक्स रायटर’मध्ये कळांचा खडखडाट तर आहेच, शिवाय ओळीअखेरची घंटाही आहे. ही हौस रम्य खरीच. परंतु टंकयंत्राचा वारसा संगणकात त्याच्या फार आधी, आणि हौसेपेक्षा निकडीने, शिरला होता.

1963 साली अमेरिकेत ‘आस्की’ ही वर्णसंकेतांची प्रमाणपद्धती ठरली, तेव्हा दूरमुद्रकांना हुकूम देण्यासाठी तीत घंटेला 7, कागद एक ओळ वर सरकवण्याला 10 आणि कॅरेज डावीकडे परत नेण्याला 13 असे क्रमांक नेमून दिले गेले. आज कॅरेजही नाही नि कागदही नाही. तरी विंडोजमधील साध्या मजकुराच्या फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी 13 आणि 10 हे दोन्ही संकेत रूढीने अदृश्यपणे नोंदले जातात.

टंकयंत्राचा आणखी एक गुण मला आवाजाहून मोलाचा वाटतो. खिळा नेहमी एकाच जागी आपटे व हलायचे ते कागदाने, त्यामुळे लिहिणाऱ्याची दृष्टी स्थिर राही. पडद्यावर मात्र ओळ खाली खाली उतरत तळाशी जाऊन बसते. ‘स्क्रिव्हनर’सारख्या साधनांनी चालू ओळ पडद्याच्या मध्यावर धरून ठेवण्याची सोय केली, ती याच स्थैर्यासाठी.

परंतु या वारशाचे सर्वांत कष्टसाध्य रूप आपल्या देवनागरीत आढळते. शोल्स यांनी 1868 साली पेटंट मिळवलेले आणि रेमिंग्टन कंपनीने 1874 साली बाजारात आणलेले यंत्र रोमन लिपीसाठी घडलेले. तेवढ्या मोजक्या कळांत आपली जोडाक्षरे बसवायची, तर अक्षरे मोडून त्यांचे अवयव करणे भाग होते. म्हणून ‘श’ किंवा ‘ण’ उमटवण्यासाठी आधी अर्धे अक्षर व मग काना, आणि ‘कि’ लिहिताना, कागदावर डावीकडे असते म्हणून, पहिली वेलांटी आधी व ‘क’ नंतर, अशी शिस्त टंकलेखकांच्या बोटांत मुरली. संगणकासाठी आखलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि क्रम उच्चाराचा. शास्त्रदृष्ट्या तोच सरस. तथापि मामलेदार कचेरीत अथवा न्यायालयात ज्याने आयुष्यभर दस्तऐवज टंकलिखित केले, त्या कारकुनाचे कसब एका फर्मानाने रद्दबातल ठरवणे हा अन्याय झाला असता, आणि तो टाळला गेला हे मला फार मोठे वाटते.

टाळला गेला तो अशा युक्तीने, की बोटांची सवय तशीच राहावी आणि फेरफार यंत्राने करावा. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी असा क्रम असल्याने, कारकुनाने आधी दाबलेली वेलांटी आज्ञावली व्यंजन येईपर्यंत रोखून धरते आणि नंतर दोहोंची अदलाबदल करते. अर्ध्या ‘श’पुढे कान्याची कळ पडली, की तो स्वराचा ‘आ’ नव्हे हे ओळखून हलन्त काढून घेते व ‘श’ पूर्ण करते. मराठी लेखनसाधनांत ‘रेमिंग्टन’ या नावाने आजही जो कळफलक निवडता येतो, त्यामागे हा सारा खटाटोप आहे, आणि जुने टंकलेखक अजून त्यावरच झपाट्याने लिहितात.