हजेरीपटापासून माहितीच्या अधिकारापर्यंत : राजस्थानातील मजूर स्त्रियांचा हिशेबाचा लढा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा विषय बहुतेक पाठ्यपुस्तकांत ‘सुशासन’ या प्रकरणाखाली येतो. तुम्हीही तो तिथेच वाचला असेल : तीस दिवसांची मुदत, दहा रुपयांचे शुल्क, माहिती आयोग, अपिलाची तरतूद. या मांडणीत कायद्याचा उगम मसुदे, समित्या आणि संसदेतील चर्चा यांत शोधला जातो. तेही खरेच आहे, पण ते शेवटचे टप्पे आहेत. या टिपणात आपण उगम शोधण्यासाठी राजस्थानातील दुष्काळी कामांवर जाणार आहोत. तिथे माती उपसणाऱ्या बायकांनी आधी विचारले होते, ‘ठरलेली मजुरी पूर्ण का मिळत नाही?’ या प्रश्नाला सरकारी नोंदवही पुढे करून उत्तर मिळत गेले, म्हणून दुसरी मागणी आली : ‘मग ती वही दाखवा.’ पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्या मागणीपर्यंतचा प्रवास हाच आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

दुष्काळी कामाची मजुरी कशी ठरे?

मध्य राजस्थानातील अजमेर, पाली, राजसमंद हा पट्टा पावसावर जगणारा. पाऊस गेला की शासन रस्ते, तलाव, बांध अशी कामे काढते. अशा वर्षी घरातले पुरुष कामासाठी शहरांकडे जातात. मागे म्हातारी माणसे, मुले, जनावरे आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका उरतात. त्यामुळे दुष्काळी कामावर टिकाव, फावडे, घमेले घेऊन येणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी असे. महाराष्ट्रातील रोजगार हमीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना १९७२च्या दुष्काळातील चित्र इथे आठवेल.

आता मजुरीचा हिशेब नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. कागदावर दिवसाची किमान मजुरी ठरलेली असे. प्रत्यक्षात पैसे मिळत ते खोदलेल्या मातीच्या मापावर. मुकादम हजेरीपटावर नावे घेई. कनिष्ठ अभियंता काम मोजून मापाच्या वहीत आकडा लिही. त्या आकड्यावरून गटाची रक्कम निघे आणि ती गटातील सर्वांत सारखी वाटली जाई. जमीन खडकाळ लागली, गटात कोणी आजारी असले, मोजणारा उशिरा आला किंवा त्याने कमी लिहिले, तर घट सगळ्यांच्या वाट्याला येई. बाई अंगठा उठवी आणि हातावर ठेवतील तेवढे पैसे घेई. हजेरीपट व मापाची वही या दोन्ही वस्तू तिच्याच कष्टांची नोंद ठेवत, पण त्या उघडून पाहण्याचा अधिकार तिला नव्हता.

हरमाडा : पहिली न्यायालयीन लढाई

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अजमेर जिल्ह्यातील मदनगंज–हरमाडा रस्त्याचे काम दुष्काळ निवारण म्हणून सुरू होते. किमान मजुरी दिवसाला सात रुपये होती आणि अनेक मजुरांना त्याहून कमी मिळत होते. हरमाड्याच्या नौरती बाई या दलित मजूर स्त्रीने इतर बायकांना एकत्र करून या कमी मजुरीला विरोध केला. तिलोनिया येथील समाजकार्य व संशोधन केंद्राचे संजित रॉय यांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य हा निकाल १९८३ मध्ये लागला.

राज्याचा बचाव वाचण्यासारखा आहे. दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट देणारा १९६४चा कायदा राज्याने पुढे केला. हे नेहमीचे काम नसून संकटात दिलेली मदत आहे, असा त्यामागचा विचार. न्या. पी. एन. भगवती आणि न्या. आर. एस. पाठक यांनी ही सूट किमान वेतनाच्या बाबतीत फेटाळली. किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर काम करून घेणे ही अनुच्छेद २३ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे, असे न्या. भगवतींनी मांडले, माणूस उपाशी आहे याचा फायदा राज्याला घेता येणार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एक बदल टिपावा. आतापर्यंत दुष्काळी कामावरची बाई मदत घेणारी होती. या निकालानंतर ती कायद्याने मजूर झाली, आणि मजुराला हिशेब मागता येतो.

तरीही निकालाने प्रश्न सुटला नाही. मजुरी कमी का, असे विचारले की आता उत्तर मिळे, ‘तुम्ही कामच कमी केले.’ पुरावा मापाच्या वहीत, आणि वही कार्यालयाच्या कपाटात.

देवडूंगरी आणि संघटना

अरुणा रॉय यांनी १९६८ मध्ये भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला होता. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली आणि तिलोनियात काम केले. १९८७ मध्ये त्या, निखिल डे, शंकर सिंह व त्यांचे कुटुंबीय आजच्या राजसमंद जिल्ह्यातील देवडूंगरी या छोट्या गावात मातीच्या घरात राहू लागले. तो भीषण दुष्काळाचा काळ होता. १ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. त्याच सुमारास किमान मजुरीसाठी भीमला उपोषणे झाली.

उपोषण केले की अधिकारी येत, आश्वासन देत आणि पुन्हा तीच वही पुढे करत. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ हा वसाहतकालीन कायदा अजून अंमलात होता आणि त्याच्या सावलीत कार्यालयातला साधा कागदही गुप्त समजला जाई. तलावाच्या बांधावर किती माती पडली, यात देशाच्या सुरक्षेचे काय गुपित असणार, हा प्रश्न कोणालाही सुचावा. संघटनेने तो चिकाटीने विचारत ठेवला, हे तिचे वैशिष्ट्य.

जनसुनावणी म्हणजे नेमके काय?

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी झाली. त्यानंतर काही महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा, ठाणा अशा ठिकाणी सुनावण्या झाल्या. पद्धत साधी होती. पंचायतीच्या कामांचे हजेरीपट, बिले व पावत्या मिळतील तशा मिळवायच्या. गावोगाव फिरून त्यांतली नावे लोकांना वाचून दाखवायची. मग मांडव घालून, बाहेरच्या जाणत्या लोकांना पंच म्हणून बसवून, अधिकाऱ्यांना आमंत्रण देऊन तेच कागद सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे.

मोठ्याने वाचणे ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. जमलेल्यांपैकी बहुसंख्य बायकांना अक्षरओळख नव्हती. आपले नाव एखाद्या कामाच्या हजेरीपटावर आहे आणि आपल्या नावाने पैसे उचलले गेले आहेत, हे अनेकींना त्या मांडवात प्रथमच कळले. यादीत मृतांची नावे निघाली, गाव सोडून गेलेल्यांची निघाली. पूर्ण झाल्याचा दाखला असलेले बांधकाम गावात अर्धवट उभे होते. मग बाई उठून सांगे की त्या दिवशी मी तिथे नव्हतेच, किंवा मी दहा दिवस गेले आणि पाच दिवसांचे पैसे मिळाले. लेखी नोंद आणि तोंडी साक्ष समोरासमोर आल्या. इतिहासलेखनात आपण साधनांची चिकित्सा करतो, दोन साधने ताडून पाहतो. इथे तेच काम गावाने भर मांडवात केले, आणि त्यात निरक्षर बाईची साक्ष शिक्कामोर्तब झालेल्या कागदाहून भरवशाची ठरली.

विरोधही लगेच झाला. ग्रामसेवकांनी नोंदी देण्यास नकार दिला. सरपंच, ठेकेदार आणि त्यांचे नातेवाईक मजूर बायकांचे शेजारीच होते. ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचे, त्याच्याविरुद्ध उभे राहून बोलायचे, ही जोखीम होती.

ब्यावरचे चाळीस दिवस

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी पंचायतीच्या कामांच्या कागदपत्रांच्या प्रती नागरिकांना मिळतील अशी घोषणा केली. वर्ष गेले, आदेश निघाला नाही. ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर शहरात चांग गेटजवळ धरणे सुरू झाले. शासनाने कागद पाहू देण्याची तयारी दाखवली, पण छायाप्रत देणार नाही, असे म्हटले. आंदोलकांनी ते नाकारले. कारण उघड आहे : ज्या बाईला वाचता येत नाही तिला ‘पाहण्याची’ परवानगी देऊन काय उपयोग? प्रत हाती आली तर ती दुसऱ्याकडून वाचून घेता येते, मांडवात वाचता येते, न्यायालयात ठेवता येते.

धरणे चाळीस दिवस चालले. खेड्यांतल्या घरांनी धान्य दिले. ब्यावरच्या रहिवाशांनी, दुकानदारांनी आणि कामगार संघटनांनी भाजीपाला, पैसे, पाणी पुरवले. बायका आळीपाळीने गावाहून येत, घरची जनावरे व मुले कोणाकडे तरी सोपवून. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा या आंदोलनाशी जोडली गेली. दिल्लीतील पत्रकारांनी संघटनेतील एका बाईला विचारले की तुम्हाला माहितीचा अधिकार कशाला हवा. तिचे उत्तर पुढे खूप ठिकाणी सांगितले गेले. त्याचा आशय असा की, मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवले तर परत आल्यावर मी हिशेब विचारते. सरकार माझ्या नावाने कोट्यवधी खर्च करते, त्याचा हिशेब मी का विचारू नये? घर चालवणाऱ्या बाईचा हा रोजचा व्यवहार आहे. उत्तरदायित्व हा जड शब्द तिने वापरला नाही, पण त्याची याहून नेमकी व्याख्या मला पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

१९९७ मध्ये जयपूरला त्रेपन्न दिवसांचे धरणे झाले. त्याच्या अखेरीस उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की छायाप्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच काढली आहे. माहिती देण्याचा आदेशच सहा महिने कोणाला माहीत नव्हता!

कायदे झाले, पुढे काय?

१९९६ मध्ये लोकमाहितीच्या अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम स्थापन झाली. भारतीय प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत यांच्या पुढाकाराने कायद्याचा मसुदा तयार झाला. तामिळनाडू व गोव्याने १९९७ मध्ये, राजस्थान व महाराष्ट्राने २००० मध्ये आपापले कायदे केले. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कलम १७ खाली ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली. मांडवातल्या जनसुनावणीचे हे कायद्यातले रूप, अर्थात बरेच सौम्य झालेले.

या इतिहासात एक अवघड जागा आहे आणि ती टाळू नये. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर स्त्रिया सरपंच होऊ लागल्या होत्या. जानेवारी १९९८ मध्ये कुकरखेडा येथील सुनावणीत जाब द्यावा लागला तो एका स्त्री सरपंचालाच, आणि तिने रक्कम परत करण्याचे सर्वांसमोर मान्य केले. अनेक पंचायतींत कारभार पती पाहत आणि सही पत्नीची असे. म्हणजे जबाबदारी एकीची, सत्ता दुसऱ्याची. ‘स्त्रिया विरुद्ध शासन’ अशी सरळ मांडणी करणाऱ्याने या प्रसंगाचा विचार करावा. दुसरीकडे हरमाड्याच्या नौरती बाई तिलोनियात लिहायला-वाचायला आणि पुढे संगणक चालवायलाही शिकल्या, आणि २०१० मध्ये त्याच गावच्या सरपंच झाल्या. परीक्षेतील उत्तरांत मात्र बहुधा एकच नाव येते, अरुणा रॉय यांचे. त्यांचे काम मोठे आहेच. पण चाळीस दिवस चांग गेटला बसलेल्या बायकांशिवाय ते समजत नाही.

जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मोबाईल अ‍ॅपने हजेरी घेणे सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र कामाच्या ठिकाणाहून चढवावे लागे. नेटवर्क नसले किंवा छायाचित्र चढले नाही, तर दिवसभर माती उचललेल्या बाईची हजेरी लागत नसे, आणि तिच्या हातात दाखवायला कागदी हजेरीपटही नसे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतील मजूर याविरुद्ध दिल्लीत जंतर-मंतरवर धरणे धरून बसले.