कात्री, डिंक आणि मायनर थ्रेट

मी छापखान्यात बायंडिंगचं काम करतो, त्यामुळे मायनर थ्रेट या बँडची गाणी आवडली तशी त्यांची कव्हरं कशी झाली हेही मला शोधून काढावंसं वाटलं. वॉशिंग्टनचे इयान मॅकाय आणि जेफ नेल्सन एकाच शाळेतले. त्यांचा टीन आयडल्स हा बँड १९८०मध्ये मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सुमारे सहाशे डॉलर कुणी वाटून घेतले नाहीत. त्यातून मोडलेल्याच बँडची सात इंची तबकडी काढली आणि कंपनीचं नाव ठेवलं डिस्कॉर्ड. कव्हर कसं बनवतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका तबकडीचं कव्हर उलगडून त्याच्या घड्या पाहिल्या, तसे कागद छापून आणले आणि मित्रांसोबत बसून कात्रीने कापून, डिंकाने चिकटवून हजार प्रती तयार केल्या. हजार प्रतींचं पेस्टिंग हाताने करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मला या पोरांचा मनापासून आदर वाटतो.

वर्ष संपता संपता मायनर थ्रेट उभा राहिला. मॅकाय गायक, नेल्सन ड्रम्सवर, लाइल प्रेसलर गिटारवर आणि जेमतेम पंधरा वर्षांचा ब्रायन बेकर बेसवर. ध्वनिमुद्रण व्हायचं आर्लिंग्टनला, डॉन झिएन्टारा यांच्या घराच्या तळघरातल्या इनर इअर स्टुडिओत. ‘स्ट्रेट एज’ हे गाणं मिनिटभराचंही नाही. मी दारू-ड्रग्जपासून लांब राहतो, एवढंच मॅकाय त्यात सांगतो. पण जगभरच्या पोरांनी त्याचा पंथ केला.

पंथ करायचा त्याचा विचार नव्हता. १९८३च्या ‘आउट ऑफ स्टेप’ या तबकडीच्या वेळी नेल्सनने आग्रह धरला, की हे तुझ्यापुरतं आहे, इतरांना घालून दिलेले नियम नाहीत, हे ऐकणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे. मॅकायने मग त्याच नावाच्या गाण्याच्या मध्येच तसं बोलून टाकलं. सोबत्याने असं अडवावं आणि गायकाने ते मानावं, हे मला त्या सगळ्या तबकडीत सर्वांत मोलाचं वाटतं.

बँड एकदा १९८१मध्येच थांबला होता, कारण प्रेसलर विद्यापीठात गेला. १९८२मध्ये पुन्हा जमले. पुढे स्टीव्ह हान्सगेन बेसवर आला आणि बेकरने गिटार घेतली. पण मग रुचीच वेगळ्या झाल्या. बाकीच्यांना यूटूसारखं मोकळं, मोठं संगीत खुणावू लागलं, मॅकायला ते नको होतं. भांडत गाणी रेटण्यापेक्षा त्यांनी थांबायचं ठरवलं, आणि ते योग्यच केलं.

२३ सप्टेंबर १९८३ला शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच मंचावर ट्रबल फंक हा शहरातल्या काळ्या वस्त्यांतलं गो-गो संगीत वाजवणारा बँडही होता. डिसेंबरात पुन्हा स्टुडिओत जाऊन उरलेली तीन गाणी त्यांनी मुद्रित केली. ती १९८५मध्ये आली. डिस्कॉर्ड मात्र मॅकाय आणि नेल्सन यांनी कुठल्याच बँडशी लेखी करार न करता चालू ठेवली.