पाती, सरकत आणि एकत्र कुटुंबाची पेढी : बारामती-इंदापूर प्रांतांतील व्यवहारावरून एक विचार

मराठेशाहींतील सावकारी पेढ्यांविषयीं लिहितांना दोन भिन्न गोष्टींची गल्लत नेहमीं होते. एका घराण्यांतील चार भाऊ एकत्र राहून देवघेव करीत असले कीं त्यांस 'भागीदार' म्हणावयाचें, आणि चार परक्या माणसांनीं भांडवल घालून दुकान चालविलें तरी त्यांस तेंच नांव द्यावयाचें, अशी संग्राहकांच्या याद्यांतून रीत पडली आहे. वास्तविक पहिल्या प्रकारांतील संबंध जन्मानें येतो, दुसऱ्यांतील करारानें. पहिला वाटणीनें सुटतो, दुसरा फारखतीनें. एकाच्या कागदांवरून दुसऱ्याविषयीं अनुमान काढलें, तर कर्ज कोणाच्या शिरावर होतें हा मूळ प्रश्नच चुकतो. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत एकत्र कुटुंबाची सावकारी, खेड्यांतील वारंगुळा, मर्यादित कंपनी व सहकारी संस्था यांचे नमुने एकाच टापूंत सांपडतात; म्हणून हा प्रांत उदाहरणादाखल घेतला आहे.

प्रथम शास्त्राकडे वळूं. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत 'संभूयसमुत्थान' हें चौथें पद आहे. याज्ञवल्क्य त्याचे नियम थोडक्यांत पण नेमके देतो : नफातोटा भांडवलाच्या प्रमाणांत वांटावा, किंवा आधीं जसें ठरलें असेल तसा, हयगयीनें किंवा इतरांच्या मनाईविरुद्ध वागून नुकसान करणाऱ्यानें तें भरून द्यावें, आपत्तींतून माल वांचविणाऱ्यास दहावा हिस्सा मिळावा, कपट करणाऱ्यास नफा न देतां काढून टाकावें, ज्यास काम झेपत नाहीं त्यानें दुसऱ्याकडून करवावें. शेवटीं हाच विधि ऋत्विज, शेतकरी व कारागीर यांसही लागू असल्याचें तो सांगतो. कुटुंबाच्या मिळकतीचा विचार मात्र शास्त्रकारांनीं दायविभाग या निराळ्या पदाखालीं केला आहे. म्हणजे पाती आणि भाऊपणा हा भेद इंग्रजी अमदानींत आलेला नसून आपल्या निबंधकारांस तो पूर्वींपासून ठाऊक होता.

आतां बारामतीचें उदाहरण घ्यावें. तेथील जोशी घराणें 'नाईक' या उपपदानें प्रसिद्ध. थोरल्या बाजीरावास कर्ज देणाऱ्या सावकारांत बाबूजी नाईक होते. त्यांचे बंधु आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथाची कन्या भिऊबाई दिली होती. १७४० त बाजीराव वारल्यावर पेशवाईच्या वस्त्रांसाठीं रघूजी भोसल्यांनीं बाबूजींचेंच नांव पुढें केलें. शाहू महाराजांनीं मात्र वस्त्रें बाजीरावाचा पुत्र बाळाजी यास दिलीं. धनको, सोयरा आणि प्रतिस्पर्धी अशीं तीन नातीं येथें एका घराण्यांत एकवटलीं. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस स्थिरावले ते याच घराण्याच्या आश्रयानें. परंतु या घराण्याच्या कागदांत दोघां भावांचीं नांवें एकत्र आलीं, एवढ्यावरून ती 'सरकत' ठरत नाहीं. एकत्र कुटुंबाच्या धंद्यांत कर्त्यानें काढलेलें कर्ज कुटुंबाच्या मिळकतीवर बसतें. इतर भाऊ त्यांच्या एकत्रांतील हिश्शापुरतेच बांधले जातात. उलट पातीदार आपल्या खासगी मिळकतीसह संपूर्ण कर्जास जबाबदार असतो. एक भाऊ मेल्यानें कुटुंबाची पेढी मोडत नाहीं. पातीदार मेला, तर निराळा करार नसल्यास पाती मोडते.

खेड्यांतील सरकतीची तऱ्हा आणखी वेगळी. ज्याच्याजवळ एकच बैल आहे त्यानें शेजाऱ्याच्या बैलाशीं जोडी करून आळीपाळीनें नांगर चालवावयाचा, यास वारंगुळा म्हणतात. गांवानें मिळून एकाचें शेत नांगरून द्यावें, ती इर्जिक. यांत साधनांची व श्रमांची भागी आहे, परंतु समाईक धंदा नाहीं आणि वांटून घेण्याजोगा नफाही नाहीं. याज्ञवल्क्याच्या व्यापक दृष्टींत ही भागी सहज बसली असती. आजच्या कायद्याच्या व्याख्येंत ती बसत नाहीं.

इंग्रजी अंमल आल्यावर १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाच्या २६ व्या कलमानें मुंबई इलाख्यांतील न्यायाचा क्रम ठरविला : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारचे नियम, त्यांच्या अभावीं देशाचा रिवाज, तोही नसल्यास प्रतिवादीचा कायदा, आणि शेवटीं न्याय व सदसद्विवेक. भागीचा कायदा लिहिला गेला नव्हता तोंपर्यंत व्यापाऱ्यांचा रिवाज व त्यांच्या वह्या यांसच महत्त्व होतें. याच सुमारास प्रिंगल यानें पाहणी आरंभिली. तिची आकारणी जड झाल्यानें इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ त नवी जमाबंदी बसविली. शेताच्या प्रत्येक नंबराचा आकार निराळा ठरून तो तीस वर्षांसाठीं कायम झाला आणि खातेदाराचें नांव त्यापुढें लागलें. जमिनीवरील एकेकट्या खातेदाराची पत यामुळें वाढली, आणि सावकारास कर्ज देण्यास नवें तारण मिळालें.

त्याचें फळ सुप्यास दिसलें. आज बारामती तालुक्यांत असलेलें सुपें तेव्हां भीमथडींत होतें. १२ मे १८७५ रोजीं तेथील बाजारांत सावकारांविरुद्ध दंगा झाला, आणि पुढें तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. रयतेचा रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्या खतपत्रांवर होता. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन देण्याघेण्याचा मुळापासून हिशेब पाहण्यास लाविलें. एकट्या खतावर निकाल देऊं नये, वही पाहावी, हें तत्त्व त्यानें रूढ केलें. संशोधकांसही तें तितकेंच लागू आहे.

भागीचा कायदा प्रथम १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या अकराव्या प्रकरणांत आला. मालमत्ता, श्रम किंवा कसब एकत्र करून नफा वांटण्याचा करार, अशी त्यांतील व्याख्या होती. ९ व्या क्रमांकाचा १९३२ चा कायदा आल्यावर तींत मोठा फरक पडला : धंदा सर्वांनीं, किंवा सर्वांच्या वतीनें कोणी एकानें, चालविला पाहिजे. म्हणजे प्रत्येक पातीदार इतरांचा मुखत्यार असतो, हेंच भागीचें मर्म ठरलें. म्हणूनच नफ्यांतील हिस्सा पगारादाखल घेणारा मुनीम पातीदार होत नाहीं. पांचव्या कलमानें भागी करारानें येते, दर्जानें नव्हे, असें सांगून एकत्र हिंदु कुटुंबाचा धंदा स्पष्ट वगळला. ६९ व्या कलमानें नोंद नसलेल्या पेढीस बाहेरच्यांवर दावा करण्याची मनाई केली. परंतु पाती मोडून हिशेब मागण्याचा पातीदाराचा हक्क राखला. १९८४ त महाराष्ट्रानें दुरुस्ती करून हाही हक्क बहुतांशीं काढून घेतला. २००९ त सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. हिशेब मागण्याचा हक्क गेला, तर प्रामाणिक पातीदाराची मिळकतच लबाडाच्या हातीं राहते. याज्ञवल्क्याचा कपटी पातीदारास काढण्याचा नियम आणि हा निर्णय एकाच न्यायबुद्धीचे आहेत.

मोठ्या भांडवलास मात्र पाती पुरेना. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनीं रेल्वेचीं कंत्राटें घेण्यास आरंभ केला तो लक्ष्मणराव फाटक यांच्या भागींत. परंतु इंदापूर तालुक्यांत १९३० नंतरच्या दशकांत साखरेचा कारखाना व वालचंदनगर उभें राहिलें तें मर्यादित कंपनीच्या बळावर. पुढें माळेगांव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथें ऊस पिकविणाऱ्यांच्या सहकारी कारखान्यांनीं तिसरा मार्ग काढला : हिस्से कितीही असोत, मत एकच. २००८ च्या कायद्यानें मर्यादित जबाबदारीची भागी आणून पाती व कंपनी यांचा सांधा जुळविला.

आतां संग्राहकांस विनंती. 'भागीदारी' असें टिपण करण्यापूर्वीं चार गोष्टी तपासाव्या : प्रत्येकाचें भांडवल निरनिराळें जमा आहे काय, नफ्याचे आणे ठरविले आहेत काय, एकानें केलेला व्यवहार इतरांनीं आपला म्हणून पत्करला आहे काय, आणि शेवटचा कागद वाटणीपत्र आहे कीं फारखत. यांपैकीं पहिल्या तिहींचें उत्तर मोर्तबाच्या सुट्या पत्रांत क्वचितच मिळतें. तें रोजकीर्दींत व खतावणींत असतें. परंतु मोर्तबाचीं पत्रें निवडून घेऊन वह्या रद्दींत टाकण्याची चाल अद्यापि गेलेली नाहीं. मूळ रुमाल फोडूं नये, वह्या त्यांच्या पत्रांपासून वेगळ्या करूं नयेत, आणि जेथें करार सिद्ध होत नाहीं तेथें 'एकत्र कुटुंबाची पेढी' असें स्पष्ट लिहावें. सुप्याच्या रयतेनें कागदाची किंमत ओळखूनच तो जाळला. आपण ती ओळखून तो राखला पाहिजे.