रुमालात आणलेला दगड

परवा भाचीच्या मुलाचा फोन आला. अकरावीत आहे. शेताच्या बांधावर त्याला एक दगड सापडला होता, एका बाजूला धार असलेला. "आजोबा, अश्मयुगातला असेल का हो?" असं विचारून त्याने लगेच फोटोही पाठवला. फोटोत दगड त्याच्या तळहातावर होता. मी म्हटलं, "आधी तो जिथून उचललास तिथे नेऊन ठेव." पोरगं हिरमुसलं. इतिहास शिकवण्यात जन्म घालवलेला आजोबा शाबासकी देईल अशी त्याची कल्पना! रात्री भाचीचा फोन. "मामा, पोराला एवढं का रागावलात?"

रागावलो नव्हतो. पण माझा आवाज का चढला ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो. भाची वाचतेच, आणि तुम्हा मंडळींनाही हा किस्सा मी आजवर सांगितलेला नाही.

१९७९ च्या मे महिन्यात आम्ही सहा शिक्षक सांची आणि भोपाळच्या सहलीला गेलो होतो. सहलीचा शेवटचा दिवस भीमबेटक्यासाठी राखून ठेवला होता, तो माझ्या हट्टामुळे. भोपाळपासून दक्षिणेला पंचेचाळीस किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्याच्या कडेवर ही जागा आहे. बसने भियांपूरपाशी उतरलो आणि रूळ ओलांडून डोंगराकडे चालू लागलो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. मे महिना म्हणजे साग निष्पर्ण, पानं सगळी खाली. पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. (आज हे रातापानीचं जंगल व्याघ्र प्रकल्प आहे, डिसेंबर २०२४ पासून. तेव्हा वाघाची आठवण आमच्यापैकी एकालाच सारखी येत होती, त्याचं नाव सांगत नाही!)

भीमबेटका म्हणजे भीमाची बैठक. आपल्याकडे जसं कुठलंही लेणं दिसलं की ते पांडवांचं, तसंच तिथेही. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून ऐकून या जागेचा उल्लेख केला, तो बौद्धांचं ठिकाण म्हणून. पुढे सत्तर वर्षं तिकडे कोणी फिरकलं नाही. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे जात असता त्यांना खिडकीतून हे खडक दिसले. वाकणकर आपलेच, म्हणजे मराठी घरातले, जन्म नीमचचा १९१९ चा, कर्मभूमी उज्जैन. चित्रकार माणूस, त्यामुळे नजर तयार. त्या रुळांवरून रोज हजारो माणसं जात होती, खडक सगळ्यांनाच दिसत होते. हे मात्र जंगलात शिरले, खडकांखाली वाकून पाहिलं, आणि भिंतीवर हरणं, रेडे, घोडेस्वार उभे राहिले. पुढची कितीतरी वर्षं ते या डोंगरांतून पायी हिंडले. सातशेच्या वर शैलाश्रय या टापूत मोजले गेले आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारसा यादीत घेतलं.

चित्रांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ती आहेतच तशी. माझं म्हणणं वेगळं आहे. भीमबेटक्याला जाणारे सगळे मान वर करून चालतात. आम्हीही तसेच चाललो. पण तिथला मोठा इतिहास पायाखाली आहे, आणि त्या मानाने चित्रं अगदी अलीकडची! सर्वांत जुनी चित्रं मध्याश्मयुगातली धरतात, शेवटची तर तलवारी-ढालीवाल्या घोडेस्वारांची, म्हणजे ऐतिहासिक काळातली. जमिनीतल्या वस्तू याच्या कितीतरी मागे जातात.

हे कळलं ते खणल्यावर. वाकणकरांनी तिथे उत्खनन केलं, आणि १९७३ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तिसऱ्या टेकडीवरची एफ-२३ या क्रमांकाची गुहा खणली. (गुहेला असं रुक्ष नाव पाहून मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही, का ते पुढे कळेल.) तिथे साधारण चार मीटर जाडीचे थर निघाले. सर्वांत खाली हातकुऱ्हाडी आणि फरश्या, म्हणजे पूर्व-पुराश्मयुगातल्या माणसाची हत्यारं. हातकुऱ्हाड ही बदामाच्या आकाराची, टोकदार. फरशीला टोक नसतं, पुढची बाजू आडवी आणि धारदार. एफ-२३ मध्ये हातकुऱ्हाडींपेक्षा फरश्या जास्त निघाल्या. त्या थरांत दगड पसरून केलेली जमीनही मिश्रांनी नोंदवली आहे. ही मंडळी लाखभर वर्षांच्याही पलीकडची. त्यांनी वापरलेलं लाकूड, कातडं सगळं मातीत गेलं, दगड तेवढे राहिले. वर येत जावं तशी हत्यारं लहान होत जातात, आणि अगदी वरच्या थरांत सूक्ष्मास्त्रं येतात, नखाएवढी पाती. ती लाकडात किंवा हाडात खोबणी करून ओळीने बसवायची, की झाला बाण नाहीतर विळा.

मला सर्वांत गंमत वाटली ती दगडाच्या जातीची. खालची मोठी हत्यारं तिथल्याच विंध्याच्या क्वार्टझाइटची आहेत. वरची चिमुकली पाती मात्र कॅल्सेडनीसारख्या चिकण्या, दुधी दगडाची. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ज्या गारगोट्या सापडतात त्यांच्या जवळचा हा दगड. वालुकाश्माच्या त्या डोंगरात तो मिळत नाही. कोणीतरी बाहेरून आणला. पायी चालत.

गुहा सोडून खालच्या जंगलात आलं की आणखीच वेगळं. पायथ्याकडे बरखेडा म्हणून जागा आहे, तिथे सागाच्या जंगलात आणि शेतात हातकुऱ्हाडी नुसत्या जमिनीवर पडलेल्या मिळाल्या, खणायची गरजच नाही. जेरोम जेकबसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने रायसेन जिल्ह्यात अशीच पायी पाहणी करून उघड्यावरची कितीतरी ठिकाणं नोंदवली. ही पाहणी म्हणजे दिसायला अगदी साधं काम. चार-सहा जणांनी ठरावीक अंतर ठेवून रांगेत चालायचं, नजर जमिनीवर, आणि जे दिसेल ते जिथे दिसलं तिथेच नकाशावर मांडायचं. जंगलात ते शेतापेक्षा अवघड, कारण पाचोळा आणि गवत. पानगळ झाल्यावर, वणव्याने पाचोळा जळून गेल्यावर किंवा ओढ्याने काठ कापलेला असेल तिथे जमीन उघडी पडते. पावसाळ्यात मात्र काही दिसायचं नाही. भारतात या शास्त्राची सुरुवातच अशी झाली. भूगर्भ खात्यातल्या रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला पहिलं पुराश्मयुगीन हत्यार मिळालं, ते खाली बघत चालण्याच्या सवयीतूनच.

आता "माणसाने फोडलेला दगड ओळखायचा कसा?" हा वर्गात हमखास येणारा प्रश्न. मी फुटक्या बाटलीचा जाड बूड घेऊन जायचो. काच फुटते तिथे शिंपल्यासारख्या लाटा उमटतात. चांगला दगडही नेमका ठोका बसला की तसाच फुटतो, ठोक्याच्या जागी किंचित फुगवटा येतो आणि तिथून लाटा पसरतात. असा एक छिलका निसर्गातही निघू शकतो. पण एकाच दगडावरून पाठोपाठ, दोन्ही बाजूंनी, एकाच धारेच्या दिशेने छिलके काढलेले असतील, तर तिथे कुणाचा तरी हात होता.

आणि आता कबुली.

त्या मे महिन्यात उतरताना एका गुहेसमोरच्या उतारावर मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. समोर पाचोळ्यात एक दुधी पातं. बोटाच्या पेराएवढं लांब, दोन्ही कडा सरळ, मध्ये एक उभी कणी. मला ते ओळखता आलं, हीच पंचाईत! ओळखता आलं नसतं तर तिथेच राहिलं असतं. इकडेतिकडे पाहिलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं. मनाची समजूत काय काढली? की पोरांना दाखवू. चोराला नेहमी पोराबाळांचीच काळजी असते.

शाळेच्या काचेच्या कपाटात ते ठेवलं. खाली चिठ्ठी, "अश्मयुगीन हत्यार, भीमबेटका". पंचवीसेक वर्षं मुलांनी ते पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांना आवडायचं. हातात घेऊन मुलं एकदम गप्प व्हायची, आणि तसं गप्प होणं माझ्या शिकवण्याने कधी झालं नाही.

नंतर एका शिक्षक-शिबिरात पुरातत्त्वाचे एक अभ्यासक व्याख्यानाला आले होते. मी मोठ्या हौसेने डबी उघडून दाखवली. त्यांनी भिंगातून पाहिलं, म्हणाले, उत्तम पातं आहे. मग विचारलं, "सर, कोणत्या गुहेसमोर?" मी म्हटलं, उतारावर. "कोणत्या टेकडीच्या? वरून वाहून आलेलं की तिथलंच? आजूबाजूला छिलके होते? गाभा होता?" माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते काही बोलले नाहीत. डबीचं झाकण त्यांनीच लावून माझ्या हातात दिलं. आजूबाजूला छिलके असते, तर कुणीतरी तिथे बसून पाती काढत होता असं म्हणता आलं असतं. नसते, तर शिकारीच्या वाटेवर पडलेलं एखादं. आता दोन्हीपैकी काहीच म्हणता येत नाही. एफ-२३ या रुक्ष नावाची किंमत मला त्या दिवशी कळली. त्या आकड्यामागे टेकडी आहे, थर आहे, खोली आहे, शेजारी काय होतं ते आहे. माझ्या पात्यामागे माझा रुमाल आहे.

जागा लिहून ठेवण्याने काय होतं याचं याच भीमबेटक्यातलं एक ताजं उदाहरण सांगतो. २०२१ मध्ये बातमी आली की तिथल्या सभागृहासारख्या मोठ्या गुहेच्या छताशी डिकिन्सोनिया या पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म दिसला. मोठे शास्त्रज्ञ, मोठं नियतकालिक. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच जागी जाऊन पाहिलं, तर ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष! पहिल्या गटाचे प्रमुख रिटॅलॅक यांनी ते मान्यही केलं. जिथे दिसलं ते अजून तिथेच होतं, म्हणून चूक सापडली. कुणी ते खरवडून घरी नेलं असतं तर आजही आपण जीवाश्मच म्हणत बसलो असतो.

निवृत्त होताना कपाट रिकामं करायचं होतं तेव्हा डबी मी घरी आणली. हिने सुचवलं, एकदा जाऊन ठेवून या. दोनदा रिझर्व्हेशन केलं आणि दोन्हीदा रद्द केलं. एकदा गुडघ्यामुळे, पण दुसऱ्यांदा मनात आलं की ठेवणार कुठे? अंदाजाने कुठल्या तरी उतारावर टाकलं, आणि उद्या एखादा संशोधक खाली बघत येऊन ते नोंदवून गेला, तर माझी पहिली चूक त्याच्या वहीत खरी म्हणून जाईल. नेणं एक पाप आणि चुकीच्या जागी ठेवणं दुसरं. तेव्हा ते पातं पुरातत्त्व खात्याकडे लेखी अर्जासह द्यायचं ठरवलं आहे, काय म्हणायचं ते म्हणू देत.

अर्जाचा मसुदा लिहायला घेतला तर आठवणी विरळ. चढताना डावीकडे एक मोठा छत्रीसारखा खडक होता. उतरताना आम्ही वेगळ्या वाटेने आलो, ऊन पाठीवर होतं, म्हणजे दुपारनंतर पूर्वेकडे तोंड करून उतरत असणार. दूरवर गाडीची शिट्टी ऐकू आली. एवढंच.

भाचीच्या मुलाने दगड परत नेऊन ठेवला, पण "साधारण तिथेच" असं म्हणाला. मग त्याला विहिरीच्या कठड्यापासून पावलं मोजायला लावली, बांधाच्या कुठल्या अंगाला ते लिहायला लावलं, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायला लावला. तो दगड बहुधा नांगराच्या फाळाने उडालेली कपची असावी असं मला फोटोवरून वाटतं. त्याला मी अजून तसं सांगितलेलं नाही. आधी त्याने आजूबाजूला आणखी कपच्या आहेत का ते पाहू दे. रविवारी जाणार आहे म्हणाला, मित्रालाही नेणार आहे.

आमच्या त्या सहलीतल्या सहापैकी दोघे आता नाहीत. उरलेल्यांपैकी एकाकडे कॅमेरा होता, आणि उतरताना थांबून आमचा सगळ्यांचा एक फोटो काढल्याचं मला पक्कं आठवतं. मागे कुठला तरी खडक नक्की आला असेल. त्यांची मुलं-सुना हे वाचतात हे मला माहीत आहे. जुन्या अल्बममध्ये, मे १९७९, पाच माणसं, एकाच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला... सापडला तर मागचा खडक नीट दिसेल असा फोटो पाठवा. टॉवेलवाला मी.