इंग्रजी क्रियापदांचा गोंधळ: उत्तर मराठीतच

नोकरीचा अर्ज असो, बँकेला लिहिलेले पत्र असो वा परदेशी ग्राहकाशी होणारा पत्रव्यवहार, इंग्रजीवाचून शहरी माणसाचे पान हलत नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. तरीही शब्दसंग्रह बरा असलेली माणसेसुद्धा काही ठरावीक क्रियापदांपाशी अडखळतात. ही चूक नेहमीच किरकोळ नसते. पत्रात ‘लेंड’च्या जागी ‘बॉरो’ लिहिले गेले, तर कर्ज देणारा कोण आणि घेणारा कोण, हेच उलटे होऊन बसते.

या गोंधळाचे मूळ शब्दाला शब्द लावून पाठ केलेल्या अर्थांत आहे. प्रत्यक्षात इंग्रजीतले अनेक भेद मराठी भाषकाच्या अंगवळणी पडलेले असतात. फक्त ते ओळखावे लागतात.

देणे आणि घेणे
‘लेंड’ म्हणजे उसने देणे आणि ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे. बँक ‘लेंड’ करते, खातेदार ‘बॉरो’ करतो. पेन मागताना ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ असे विचारावे. ‘कॅन यू बॉरो मी’ हे चूक.

वाढणे आणि वाढवणे
‘राइज’ आणि ‘रेझ’ यांत भले भले फसतात. मात्र ‘भाव वाढले’ आणि ‘भाव वाढवले’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यासाठी ‘राइज’ (राइज, रोज, रिझन), तर दुसऱ्यासाठी ‘रेझ’ (रेझ, रेझ्ड, रेझ्ड). ‘प्राइसेस रोज’ म्हटल्यावर भाव कोणी वाढवले हे कळत नाही. ‘द कंपनी रेझ्ड प्राइसेस’ म्हटले की जबाबदारी निश्चित होते.

‘लाय’ म्हणजे आडवे होणे वा पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, अंथरणे. येथेही तत्त्व तेच. अडचण अशी, की ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असाच होतो (लाय, ले, लेन), तर ‘ले’ची रूपे ले, लेड, लेड अशी आहेत. खोटे बोलणे या अर्थाच्या ‘लाय’ची रूपे मात्र लाय, लाइड, लाइड. ही तिन्ही पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

दिसणे आणि पाहणे
‘मला साप दिसला’ याला ‘आय सॉ अ स्नेक’, तर मुद्दाम नजर टाकण्याला ‘लुक अ‍ॅट’. क्रिकेटचा सामना किंवा टीव्हीवरची मालिका लक्ष देऊन पाहणे म्हणजे ‘वॉच’. त्याचप्रमाणे ‘आवाज ऐकू आला’ यासाठी ‘हिअर’ आणि ‘गाणी ऐकतो’ यासाठी ‘लिसन टू’. मराठीत ‘मला’ दिसते, ‘मला’ ऐकू येते. इंग्रजीत तेथे कर्ता ‘आय’ असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

सांगणे आणि म्हणणे
‘टेल’नंतर बहुधा ज्याला सांगितले ती व्यक्ती लगेच येते: ‘ही टोल्ड मी’. ‘से’नंतर म्हटलेली गोष्ट येते: ‘ही सेड दॅट ही वॉज इल’. व्यक्तीचा उल्लेख करायचाच, तर ‘सेड टू मी’. म्हणून ‘ही सेड मी’ आणि ‘ही टोल्ड दॅट’ ही दोन्ही वाक्ये चुकीची ठरतात. ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ स्टोरी’ हे रूढ प्रयोग मात्र व्यक्तीच्या उल्लेखाविनाही चालतात.

जेथे मराठी साथ सोडते
‘करणे’ या एका क्रियापदासाठी इंग्रजीत ‘डू’ आणि ‘मेक’ अशी दोन आहेत. काम पार पाडण्याकडे ‘डू’चा, तर काही निर्माण करण्याकडे ‘मेक’चा कल असतो, पण हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. त्यामुळे जोड्याच लक्षात ठेवाव्यात. होमवर्क, बिझनेस, फेव्हर यांना ‘डू’. मिस्टेक, डिसिजन, प्रॉमिस, कम्प्लेंट यांना ‘मेक’.

मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ हा प्रयोग भारतात सर्रास ऐकू येतो. ब्रिटन-अमेरिकेत मात्र विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. ‘गिव्ह’ म्हटल्यास तो परीक्षक असावा, असा समज होऊ शकतो. परदेशी विद्यापीठाला अर्ज पाठवताना हा फरक लक्षात घ्यावा.

क्रियापदाचा सुटा अर्थ पाठ न करता एक छोटे, रोजच्या वापरातले वाक्य वहीत उतरवून ठेवणे, हाच यावरचा सोपा उपाय. शब्दकोश पाहतानाही केवळ अर्थावर न थांबता खालचे उदाहरण वाचावे. क्रियापदापुढे काय येते, हे तेथेच कळते.