हॅलॉयसाइटच्या नळ्या
हॅलॉयसाइट : चिनी मातीच्या कुळातले नैसर्गिक खनिज. त्याचे थर गुंडाळले जाऊन पोकळ नळ्या होतात. बाहेरचा व्यास साधारण ५० ते ७० नॅनोमीटर, आतली पोकळी १५ नॅनोमीटरच्या आसपास. या पोकळीत ओव्याच्या तेलातले थायमॉल भरता येते. थायमॉल जिवाणूंचे पेशीपटल विस्कटवते. पण उघड्यावर ते लवकर उडून जाते. त्याच्या द्रावणात हॅलॉयसाइटची भुकटी टाकून पंपाने हवा खेचली, की नळ्यांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि द्रावण आत शिरते. पुढे थायमॉल टोकांतून हळूहळू झिरपते. टोकांवर पॉलिमरचा लेप दिल्यास आणखी सावकाश. अशा नळ्या घातलेल्या जिवाणूरोधक वेष्टनाचा दीर्घकाळ टिकणारा परिणाम थायमॉलच्या मात्रेपेक्षा या संथ झिरपण्यामुळे आहे.