जुनी गाणी नवी होती तेव्हा

१/ पोंभुर्ण्याकडचे झाडीपट्टीचे नाटक असो वा पुण्यातील समारंभ, हल्लीचे गाणे वाजले की जाणते श्रोते हळहळतात आणि १९५० च्या दशकातील चित्रपटगीते आठवतात. (मीही त्यांच्यातच!) पण ती गीते नवी होती, तेव्हा त्यांची संभावना कशी झाली?

२/ १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटसंगीत त्यांना उथळ, परक्या चालींचे अनुकरण वाटे. आकाशवाणीवर त्याचा वाटा दहा टक्क्यांवर आणला गेला. चित्रपटाचे नाव उच्चारणेही जाहिरात ठरले. निर्मात्यांनी परवानगी काढून घेतली आणि गीते जवळजवळ नाहीशी झाली.

३/ श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षाची. ‘बैजू बावरा’ही त्याच वर्षाचा, आणि त्यात उस्ताद अमीर खाँ व पं. द. वि. पलुस्कर गायले होते!

४/ तरी केसकरांना अरसिक म्हणणे अन्यायाचे. संस्थानिकांचा आश्रय गमावलेल्या गवयांना त्यांच्या काळात आकाशवाणीने मोठा आधार दिला.

५/ ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते सरकारी नभोवाणीवर परतली. मंत्री तेव्हाही केसकरच होते.